धुळ्यात चोर, जळगावात साव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला एका चोराची गोष्ट सांगणार आहे. हा चोर आमच्या घरात चौदा वर्षं राहिला. आमचंच खाल्लं, आमच्याच उंबऱ्यात झोपला, आणि कधी एका शब्दाने कबुली दिली नाही. त्याचं नाव बंड्या. जातीने अगदी साधा गावठी कुत्रा. रंग भाजलेल्या भाकरीचा, एक कान उभा आणि एक पडलेला.

धुळ्याला देवपुरात आमचं घर. २००४ च्या पावसाळ्यात कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी माझ्या मुलाला हे पिल्लू सापडलं. मुलाने ते शर्टात गुंडाळून आणलं. सौ. म्हणाल्या, "दोन दिवस ठेवू, मग बघू." असे दोन दिवस किती लांबतात ते ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ठाऊक आहे.

बंड्या मोठा झाला आणि त्याचे उद्योग सुरू झाले. वरण-बट्टीचा बेत असला की तुपात बुडवलेली बट्टी ताटातून नाहीशी व्हायची. शेवभाजीसाठी आणलेल्या शेवेची पिशवी फाटलेली मिळायची. उन्हाळ्यात गच्चीवर साडी अंथरून ज्वारीचे बिबडे घातले की कोपऱ्यातले चार बिबडे आणि त्यांच्याखालची साडी दोन्ही गायब. शेजारच्या वहिनी कुरडयांचा हिशेब घेऊन दारात उभ्या राहायच्या. आणि रोजचा ठरलेला कार्यक्रम म्हणजे स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा पालथा घालणं. सकाळी उठावं तर चहाचा चोथा, कांद्याची सालं आणि दुधाच्या पिशव्यांची रांगोळी घरभर पसरलेली.

मी शाळामास्तर. वर्गात साठ मुलं गप्प बसवणारा माणूस. एक कुत्रा सुधारता येऊ नये? मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलं. चप्पल उगारली. सांडलेल्या कचऱ्याजवळ मान धरून नेलं, त्यात नाक घासलं आणि "पुन्हा करशील? पुन्हा करशील?" असं ओरडलो. तो कान पाडायचा, शेपूट पायांत घालायचा, नजर चुकवायचा. मी घरच्यांना सांगायचो, "बघा, त्याला कळतं आपण काय केलं ते. मुद्दाम करतो लबाड."

माझी आई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात सगळी हयात गेलेली. ती अहिराणीत म्हणायची, "मुका जीव शे तो, त्याले चोर म्हनू नको." आणि आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा हळूच खाली सोडायची. मला राग यायचा. मी शिस्त लावतोय आणि ही लाड करतेय!

२००६ ची आखाजी आली. आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. माझी थोरली बहीण, आमची ताई, जळगावहून माहेरी आली होती. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, घरात वीसेक माणसं. त्या वर्षी भारनियमन जोरात होतं. संध्याकाळी दिवे गेले. मागच्या अंगणात आंब्याच्या साली आणि कोयींनी भरलेलं घमेलं तसंच राहिलं होतं.

घमेलं वाजलं. मी बॅटरी आणि चप्पल घेऊन धावलो. उजेडात बंड्याचे डोळे चमकले. तोंडात काहीतरी होतं. मी ओरडलो आणि चप्पल फेकली. तो खाटेखाली शिरला, मान उंचावून एक आवंढा गिळला आणि तोंड रिकामं करून माझ्याकडे बघत राहिला. पोळीचा तुकडा असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. आम्ही म्हटलं, ऊन लागलं असेल. तिसऱ्या दिवशी त्याने पाणीही सोडलं. पाठीची कमान करून उभा राहायचा, पोटाला हात लावू द्यायचा नाही. तेव्हा कुठे त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, तपासण्या केल्या आणि त्याच दुपारी शस्त्रक्रिया केली. लहान आतड्यात आंब्याची कोय अडकली होती. पोटातल्या रसांनी कोय विरघळत नाही आणि आतड्यातून पुढेही सरकत नाही. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर आतडं सडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान होते. हात धुता धुता म्हणाले, "सर, चोरी त्याने केली हे खरं. पण गिळायची घाई त्याला तुम्ही शिकवलीत. कुत्रा एरवी कोय चाटत बसला असता."

श्रोतेहो, त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं मी त्याला जे शिकवत होतो ते त्याने अगदी चोख शिकून घेतलं होतं. मास्तर दिसला की तोंडातला जिन्नस परत मिळत नाही, तेव्हा तो येण्याआधी गिळून टाकावा, हा तो धडा.

टाके निघाले आणि आमच्या घरी दुसरीच अडचण आली. गावी चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, घर आठ-दहा दिवस बंद राहणार होतं. ताई म्हणाली, "माझ्याकडे सोड. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी घेऊन जा." मग ऊन चढायच्या आत, पहाटे पाचला ओळखीच्या जीपमधून आम्ही निघालो. पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. बंड्या सबंध वाटेत माझ्या मांडीवर डोकं ठेवून होता. ताईला मी बजावलं, "डबे वर ठेव. हा चोर आहे." ताई नुसती हसली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला आणायला जळगावला गेलो. दुपारची वेळ. ताई भाकऱ्या थापत होती. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एका गोणपाटावर बंड्या पडला होता. ताईच्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला. बंड्याने तुकड्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे." त्याने मान पुन्हा पंजांवर टेकवली! धुळ्याचा चोर जळगावात साव होऊन बसला होता.

मी विचारलं, "ताई, काय मंतर घातलास?"

"मंतर कसला रे भाऊ? तुझ्या घरात त्याला चोरून मिळतं. माझ्या घरात बसून मिळतं. एवढाच फरक."

मग दोन दिवस मी तिचं काम बघितलं. ते तुम्हाला क्रमाने सांगतो, कारण त्यात एक पैशाचाही खर्च नाही.

पहिली गोष्ट, कचऱ्याचा डबा. ताईचा डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा आणि ओट्याखालच्या कपाटात कडी लावून ठेवलेला. हाडं, कोयी, मक्याची दाणे खाल्लेली कणसं त्या डब्यातसुद्धा जायची नाहीत. ती वेगळ्या पिशवीत बांधून उंच खुंटीला, आणि घंटागाडी आली की थेट गाडीत. स्वयंपाकघराच्या दारात आडवी फळी.

दुसरी गोष्ट, जेवणाची वेळ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, स्वतःच्या ताटलीत. डाळीत किंवा ताकात कुस्करलेली भाकरी, कधी उकडलेलं अंडं. आणि घरातली माणसं जेवायला बसायच्या आधी. भरल्या पोटी शहाणपण शिकवणं सोपं जातं, हे आम्ही मास्तर मंडळी विसरतो.

तिसरी गोष्ट, गोणपाट. घरचे जेवत असताना बंड्याने गोणपाटावर बसायचं. बसला की अधूनमधून कोणीतरी उठून तिथे जाऊन त्याला एक तुकडा द्यायचा. ताटाशी येऊन तोंड लावलं तर काहीच नाही, रागावणंही नाही. चार-सहा दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की गोणपाटावर पिकतं आणि ताटाशी दुष्काळ आहे.

चौथी गोष्ट, "राहू दे" हा शब्द. ताई मुठीत भाकरीचा तुकडा धरायची आणि मूठ त्याच्या नाकासमोर न्यायची. तो चाटायचा, पंजा मारायचा. ती मूठ उघडायची नाही आणि बोलायचीही नाही. कंटाळून त्याने नाक मागे घेतलं की लगेच "शाब्बास" म्हणून दुसऱ्या हातातला अंड्याचा तुकडा द्यायची. मुठीतला कधीच नाही. हे जमलं की उघड्या तळहातावर, मग जमिनीवर तळहाताखाली झाकून, मग उघड्या जमिनीवर. एका वेळी पाच मिनिटं, तीही सकाळच्या गारव्यात. मेच्या उन्हात माणसाचं डोकं चालत नाही, कुत्र्याचं कुठून चालणार?

पाचवी गोष्ट, अदलाबदल. तोंडात नको ती वस्तू असली तर मागे धावायचं नाही. जवळ अंड्याचा तुकडा न्यायचा आणि "सोड" म्हणायचं. त्याने तोंडातली वस्तू टाकली की तुकडा द्यायचा. आणि वस्तू घातक नसेल तर तीही परत द्यायची. माणूस जवळ आला की आपलं जातं, ही त्याची भीती मोडायची.

आईला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला नामदेव महाराजांची कथा आठवली. कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आई म्हणाली, "आणि तू चप्पल लिसन धावना." मी गप्प बसलो.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. माझ्या लक्षात आलं की ताईने स्वयंपाकघरात केलं त्यामागे बरंच शास्त्र आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग केले होते. फर्स्टर या सहकाऱ्याबरोबर १९५७ मध्ये त्याने मोठा ग्रंथच लिहिला. त्यातला एक निष्कर्ष असा, की बक्षीस कधी मिळतं आणि कधी मिळत नाही अशी सवय सगळ्यांत चिवट असते. आपल्याकडे मटक्याचा आकडा लावणाऱ्याला विचारा. रोज लागत नाही, म्हणूनच तो रोज लावतो. आमचा कचऱ्याचा डबा हा बंड्याचा मटका होता. दहा वेळा चोथा आणि सालं, अकराव्या वेळी मटणाचं हाडूक. डबा नऊ दिवस बंद आणि दहाव्या दिवशी उघडा राहिला, तर आपण ती सवय मोडत नाही, उलट पक्की करतो.

माझी दुसरी समजूत होती ती अपराधी चेहऱ्याची. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा पाळीव कुत्री. मालकाने खाऊला तोंड लावू नको असं बजावून खोलीबाहेर जायचं. परतल्यावर त्याला सांगितलं जाई की कुत्र्याने खाल्लं किंवा खाल्लं नाही. हे सांगणं कधी खरं असे, कधी खोटं. कान पाडणं, नजर चुकवणं हे सगळं मालक रागावला की दिसे, मग कुत्र्याने खाल्लेलं असो वा नसो. उलट, न खाता बोलणी बसलेली कुत्री जास्त ओशाळलेली दिसली. म्हणजे बंड्याच्या चेहऱ्यावर मला जी कबुली दिसत होती, ती माझ्या हातातल्या चपलेची भीती होती.

आणि दिवे गेल्यावरच तो घमेल्याकडे का गेला? इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या ज्युलियान कामिन्स्की यांनी अंधाऱ्या खोलीत कुत्र्यांची परीक्षा घेतली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मना केलेलं अन्न अंधारात असलं तर कुत्री ते जास्त वेळा उचलतात असं दिसलं. आमच्या भारनियमनाने तोच प्रयोग फुकटात केला होता. मार देऊन कुत्रा एवढंच शिकतो, की मास्तरांचं लक्ष असताना हे करू नये.

चोर हा शब्द तर मुळातच आपला. त्याच २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या सोबतीने राहता राहता त्याचं पोट आपल्या भाकरीला सरावलं. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. ही कुत्री बहुतेक भात, पोळी, बिस्किटांवर जगतात. पण निवड करायची वेळ आली की जिथून मांसाचा वास येतो तिकडे आधी तोंड घालतात, असं त्यांना आढळलं. उकिरडा हा त्यांचा पिढीजात धंदा आहे. बंड्याला आम्ही कुंडीवरून उचलून आणला, घरातही एक कुंडी ठेवली, आणि वर त्याच्यावर चोरीचा आळ घेतला.

आता पुढची हकीकत. मी बंड्याला घेऊन धुळ्याला आलो आणि तिसऱ्या दिवशी डबा पालथा! जळगावचा साव पुन्हा चोर. कारण उघड होतं. सुधारणा कुत्र्याची झाली होती, घराची नव्हती. डबा तोच, जागा तीच, मुलं येता-जाता भरवणारी.

घर सुधारायला दोन महिने लागले. पत्र्याचा डबा आणला. पहिला आठवडा तर त्रास वाढला. बंड्या डबा ढकली, दार ओरबाडी, रात्री भुंके. सौ. म्हणाल्या, "हे काही जमत नाही." पण नेहमीचं बक्षीस बंद झालं की आधी जोर वाढतो आणि मगच तो ओसरतो. इथेच पुष्कळ जण हार मानतात. आम्ही टिकलो आणि दहा-बारा दिवसांत तो डब्याकडे वळून बघेनासा झाला.

सर्वांत कठीण काम होतं आईला सांगणं. ताटातला घास मुक्या जिवाला देणं हा तिचा धर्म. खेड्यात पहिली भाकरी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हे ती लहानपणापासून पाळत आलेली. मी म्हटलं, "आई, देणं थांबवू नको. फक्त जागा बदल." तिने थोडा विचार केला. त्या दिवसापासून शेवटची भाकरी बंड्याच्या नावाने बाजूला राहू लागली. सगळ्यांची जेवणं झाली की ती कमरेवर हात ठेवून सावकाश उठायची आणि गोणपाटापाशी जाऊन त्याच्या ताटलीत भाकरी घालायची. तो तिची वाट बघत बसायचा, जागचा हलायचा नाही. आई २०११ मध्ये गेली. त्यानंतर कित्येक दिवस जेवणं आटोपली की बंड्या तिच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसत असे. मग ती भाकरी मी घालू लागलो.

बंड्या अगदी संत झाला असं मी म्हणणार नाही. एका दिवाळीत ओट्याच्या कडेला ठेवलेलं चकल्यांचं ताट त्याने साफ केलं. चूक ताट ठेवणाऱ्याची, म्हणजे माझी होती. पण "सोड" म्हटल्यावर तोंडातली शेवटची चकली त्याने माझ्या तळहातावर आणून ठेवली. गिळली नाही. मला त्याचंच अप्रूप वाटलं. २०१८ च्या हिवाळ्यात तो म्हातारपणाने गेला.

शेवटी श्रोत्यांना दोन-चार विनंत्या. आंब्याच्या दिवसांत कोयी आणि पावसाळ्यात मक्याची कणसं उघड्यावर टाकू नका. शिजवलेली हाडं कुत्र्याला देऊ नका, त्यांच्या चिरफळ्या आतड्यात घुसतात. कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे त्याच्यासाठी विष आहे. २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितलं ते चांगलंच झालं. पण त्यामुळे सगळा वास एकाच डब्यात गोळा होतो. त्या डब्याला झाकण हवं, आणि झाकणाला कडी हवी. कुत्र्याने काही गिळल्याचा संशय असला, सारख्या उलट्या होत असल्या, शी बंद झाली, तर ऊन लागलं म्हणून थांबू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका, त्यानेच जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मी दोन दिवस थांबलो होतो. बंड्याचं नशीब थोर, म्हणून वाचला.

त्याच्या पोटावर टाक्यांची एक पांढरी रेघ शेवटपर्यंत होती. तो उताणा लोळायचा तेव्हा ती दिसायची. मारकुट्या मास्तराला त्याने कधीच माफ करून टाकलं होतं. मला मात्र ती रेघ बघितली की ताईचं गोणपाट आठवायचं.